सुनेनं काढलेलं, मी खोडलेलं

४ मार्च, मंगळवार

आज माझं तोंड खोडलं! स्वतःच्या हातानं.

सुनेनं मला कागदावर काढायला घेतलंय. (सून म्हणायचं की नाही आता, हा प्रश्न आहेच. तिचा आणि चिरंजीवांचा काडीमोड गेल्या महिन्यात कायद्यानं पक्का झाला. तो परगावी, ती इथं माझ्यापाशी. पण वही माझी आहे. मी सूनच लिहिणार.)

तिची रीत ऐकून आधी मला वाटलं, ही चेष्टा करतेय. ती कोळशाच्या कांडीनं काढते आणि खोडरबर समोर बसलेल्याच्या हातात देते. पटलं नाही ते खुशाल खोडा! अट एकच – जिथं खोडलं तिथं आपण स्वतः काहीतरी काढायचं. 'नुसतं खोडून पळायचं नाही हं, आई.'

दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथं मी गिऱ्हाइकांचे डोळे तपासते, तिथंच बसवलं मला. बघते तर काय – ओठ घट्ट मिटलेले, कडा खाली! 'हे कुणाचं तोंड?' म्हटलं. 'तुमचंच की.' 'अजिबात नाही. हे सासूचं तोंड आहे.' तर शांतपणे म्हणते, 'मग खोडा ना.'

खोडलं. आणि काढायला गेले तर तिथं उगवला बटाटा. खोडावा तर पुन्हा काढा, म्हणजे आणखी एक बटाटा. शेवटी ठेवला तसाच. सून हसून हसून खोकत होती.


५ मार्च, बुधवार

हे सगळं प्रदर्शनासाठी चाललंय. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, पुढच्या महिन्यात. नाव ठेवलंय 'दिसतं तसं नसतं'. चष्मेवालीच्या घरात राहून हे नाव! म्हटलं, माझं दुकान बंद पाडतेस का?

ज्यांना लांबून बघूनच लोक 'कळलं, कळलं' म्हणतात, अशी माणसं तिनं निवडलीत. त्यात एक सासू हवी होती. 'म्हणजे मी नमुना?' विचारलं. 'नमुना तर तुम्ही आहातच,' म्हणाली! जिभेला हाड नाही कार्टीच्या. मला आवडतं ते.

प्रदर्शन झालं की ती जाणार. परगावच्या कलाशाळेत शिकवायला बोलावलंय. होकार अजून कळवलेला नाही, पण कळवेलच. कळवायलाच हवा. चांगली जागा आहे.

इथं लिहून टाकते, म्हणजे मोकळी होईन – मला ती जायला नको आहे. घरात तिच्या रंगांचा वास, बेसिनमध्ये काळे डाग, सकाळी चहा कुणी करायचा यावरून हुज्जत. हे सगळं मला हवं आहे. पण मी 'राहा' म्हटलं तर ती राहील. माझ्यासाठी राहील. म्हणूनच म्हणायचं नाही.


८ मार्च, शनिवार

शेजारीण आली होती फ्रेम सरळ करायला. फ्रेम सरळच होती. वाकडं दुसरंच काही होतं.

'अजून इथंच का हो ती?' – झालं सुरू. 'नवरा नाही, तर सासूकडे काय काम?' मग आवाज खाली घेऊन, 'तुम्ही तिला धरून ठेवलंय असं म्हणतात हो लोक. नाहीतर तिनं तुम्हाला.' म्हटलं, आम्ही एकमेकींना धरून ठेवलंय, जिना निसरडा आहे.

आम्ही भांडत नाही याचंच लोकांना दुःख. दोघींनी एकदा भर रस्त्यात झिंज्या उपटल्या असत्या तर सगळ्यांचा जीव शांत झाला असता. हिनं जावं तरी कुठं? माहेरी एक भाऊ, तो फोनही उचलत नाही. काडीमोडाची बातमी कळल्यावर 'आम्हाला तोंड दाखवू नकोस' म्हणाला होता. असलं तोंड बघायला नशीब लागतं, गाढवा!

शेजारणीच्या फ्रेमला उगीच दोन मिनिटं पक्कड लावली आणि परत दिली. 'आता कसं छान दिसतंय,' म्हणाली.


११ मार्च, मंगळवार

आज सुनेसमोर बसायला एक दांडगा आला. समोरच्या हॉटेलच्या दारात संध्याकाळी उभा असतो तो बाउन्सर. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो, देव जाणे. दारातून आत आला तर दुकानात अंधारून आलं. मी आपला मोबाईल हळूच टेबलाखाली सरकवला. खरं तेच लिहिते – घाबरले.

सुनेला म्हटलं, मी मधल्या दारात बसते. ती म्हणाली, 'बसा, पण भुवया उडवू नका.'

तिनं त्याला काढला जसा लोकांना दिसतो तसा. हाताची घडी, कपाळाला आठी, बघणारा दोन पावलं मागं सरेल असा. मग खोडरबर दिलं. तर हा पठ्ठ्या उठला, कागदाला नाक लावलं आणि आठी शोधू लागला! बोटानं चाचपून खोडली. आठीच्या जागी काय काढलं? काहीच जमेना. नाक कोळशानं काळं झालं तेवढं.

मी बघतच राहिले. हा माणूस कागद हुंगतोय की काय? मग डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, 'उद्या या. डोळे तपासते.'


१२ मार्च, बुधवार

हा आंधळाच की हो जवळजवळ!

भिंतीवरच्या पाटीचं सगळ्यात वरचं, तव्याएवढं अक्षर – तेही अंदाजानं सांगतो. मी एकेक काच बदलत गेले तसा त्याचा चेहरा बदलत गेला. म्हटलं, 'अरे, दारात उभा राहतोस आणि कुणाला अडवतोस हे तुला दिसतं तरी का?' (अरे-तुरे कधी सुरू केलं कळलंच नाही.)

'आवाजावरून ओळखतो, काकू. आणि तसंही लोक मला बघून थांबतात. मला दिसायची कधी गरजच पडली नाही.'

हे तो तक्रार म्हणून नाही म्हणाला. सहज म्हणाला. मला मात्र कसंसंच झालं. काल मोबाईल लपवला होता ना मी.

चष्मा घ्यायला तयार होईना. 'चष्मेवाला बाउन्सर कुणी बघितलाय? उद्या लोक मला पत्ता विचारतील.' लहानपणी शाळेत मागच्या बाकावर बसवायचे – उंच म्हणून. फळा कधी दिसलाच नाही. मास्तरांनी ठरवलं, अंगानं वाढला, डोक्यानं नाही. मग त्यानंही तेच धरून ठेवलं.

म्हटलं, चष्मा मी बनवते. घालायचा की नाही ते नाक तुझं.


१५ मार्च, शनिवार

चष्मा तयार. साहेबांचा पत्ता नाही.


१९ मार्च, बुधवार

आला! वाटलं नव्हतं येईल म्हणून.

चष्मा नाकावर बसवला, कानामागं काड्या वाकवल्या. एवढं मोठं डोकं, माझी सगळ्यात रुंद फ्रेमही ताणून बसली. म्हटलं, पाटी वाच. तर वाचेचना! पाटीच्या बाजूला सून दिव्याचं बटण धरून उभी होती, हा तिकडेच बघतोय. 'पाटी इकडे आहे!' म्हटलं. दोनदा सांगावं लागलं. नव्या नंबराला असं होतंच, डोळे भिरभिरतात, नजर बसायला वेळ लागतो.

मग सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. शेवटच्या अक्षरापर्यंत. वाचून झाल्यावर पुन्हा वरून सुरू केलं. मी आपल्या काचा पुसत राहिले.

सुनेनं त्याचं चित्र आणून समोर धरलं. 'बापरे, हा इतका रागीट माणूस कोण?' असं म्हणाला, देवाशप्पथ! मग स्वतःच खोडरबर मागून हाताची घडी खोडली. तिथं दोन हात काढले, नुसते खाली सोडलेले. आणि डोळ्यांवर चष्मा काढला. एक काच मोठी, एक लहान. पण आत डोळे आहेत. मघाशी नव्हते.


२० मार्च, गुरुवार

चिरंजीवांचा फोन. 'आई, ती अजून तिथंच? लोक काय म्हणतील?'

म्हटलं, लोकांचे चष्मे मीच बनवते. लोकांचं मी बघून घेईन.

मग जरा बरं बोलला. जेवतो का नीट, खोकला गेला का, हे मी विचारलं. तोही माझाच आहे, टाकून थोडाच देणार? तिकडे त्याचं दुसरीशी जमलंय, सुखात आहे म्हणतो. असू दे. आवाजात मात्र 'आई माझ्या बाजूनं का नाही' हे होतंच. बाजू कसली? मी काय दोरीखेच खेळतेय?


२४ मार्च, सोमवार

हॉल बघायला गेलो दोघी. कुठलं चित्र कुठं लावायचं ते सून पट्टीनं मोजत होती. वाचनालयाच्या बाई आल्या. सून ओळख करून द्यायला लागली – 'ह्या माझ्या...' आणि अडली.

सासू म्हणावं तर कायद्यानं नाही. आई म्हणावं तर समोरची विचारणार, सख्खी का? बिचारीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मीच म्हटलं, 'मी चष्मेवाली. आणि तुमची फ्रेम डावीकडे उतरलीय, दुकानात या.' बाई खूश.

घराच्या जिन्यात म्हणाली, 'सॉरी, आई.' मी म्हटलं, त्यात काय, गिऱ्हाईक मिळालं. पण लागलं मला. तिचं नाही – त्या अडण्याचं. आम्हा दोघींसाठी कुणी शब्दच करून ठेवलेला नाही.

(दुपारी मी भाजीला गेले होते, तेव्हा बाउन्सर दुकानात येऊन गेला म्हणे. काडीचा स्क्रू ढिला झाला म्हणून. सुनेनं पिळून दिला.)


२७ मार्च, गुरुवार

पुन्हा स्क्रू! मी बसवलेला स्क्रू असा ढिला होतो? शक्यच नाही. हा माणूस चष्मा घालून करतो तरी काय?


२८ मार्च, शुक्रवार

आज माझं चित्र पुरं झालं. पोट दुखतंय हसून, आणि बाकीचंही लिहायचंय.

तर – कागदाच्या डाव्या अर्ध्यात मी. बटाट्यासकट. मांडीवरचे रिकामे हात मी मागेच खोडले होते आणि तिथं फ्रेम नि स्क्रू ड्रायव्हर काढला होता. रिकाम्या हातानं मी कधी बसलेय? उजवा अर्धा मात्र कोरा. 'ही जागा तुमची,' सून म्हणाली. 'तुम्हाला हवं ते काढा.'

दुकान काढावं? पाटी काढावी? बसले विचार करत. मग म्हटलं, 'त्या खुर्चीत बस. हनुवटी वर.' ती बसली. तिला वाटलं डोळे तपासतेय.

मी तिला काढायला घेतलं. आता मला चेहरा काय येतो? मला येतं ते मोजायला. पट्टी घेतली, रोजच्यासारखी नाकावर आडवी धरली, बुबुळापासून बुबुळापर्यंतचं माप घेतलं आणि कागदावर अगदी काटेकोर दोन टिंबं दिली. तिथं डोळे काढले. मग नाक, मग भोवती चेहरा, माझ्या चेहऱ्याएवढा, जोडीला शोभेलसा.

आणि बघते तर घुबड! तिनं मला काढलं होतं अर्ध्या आकारात. मी डोळ्यांचं माप घेतलं पूर्ण आकारात. बशीएवढा चेहरा, आणि डोळे दोन्ही कानांत जाऊन बसलेले. 'माप बरोबर आहे हं,' म्हटलं मी, 'चेहराच कमी पडला!' ती खुर्चीतून खाली जमिनीवर बसली हसत. मीही बसले. गुडघे दुखले, पण बसले. जन्मभर मापं घेतली आणि ही चूक!

मग हसणं ओसरलं. नियमाप्रमाणे आता खोडायचा हक्क तिचा. खोडरबर तिच्या हातात दिलं. 'खोड,' म्हटलं, 'लोक हसतील तुला.'

ती कितीतरी वेळ कागदाकडे बघत होती. 'आई, जागा तुमची होती. मला का काढलंत?'

म्हटलं, 'माझ्या शेजारी तूच असतेस. दुसरं कोण काढू?'

एवढंच बोलले. 'राहा' नाही म्हटलं. तो शब्द दाताखाली दाबून धरला, जबडा दुखेपर्यंत. तिनं खोडरबर खिशात टाकलं आणि चहा ठेवायला गेली. आज हुज्जत न घालता.


२९ मार्च, शनिवार

घुबड शाबूत आहे. सकाळी उठून आधी तेच बघितलं.


५ एप्रिल, शनिवार

प्रदर्शन उघडलं. केवढी गर्दी! वाचनालयात एवढी माणसं असतात हे वाचनालयालाही माहीत नसेल.

चित्रांखाली नाव-गाव काही नाही. ज्याचं चित्र त्यानं स्वतःविषयी जे लिहावंसं वाटेल ते लिहायचं. माझ्या खाली मी लिहिलं – 'उजवीकडची माप घेऊन काढली आहे.' लोक वाचतात, घुबडाकडे बघतात, हसतात, आणि मग जात नाहीत. तिथंच रेंगाळतात. एक बाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या, मला विचारलं, 'कोण तुमची ही?' म्हटलं, 'बघा की, शेजारीच तर आहे.' त्यांना पुरलं तेवढं उत्तर.

शेजारीण आली. बराच वेळ उभी. शेवटी माझ्या बटाट्यावर बोट ठेवून म्हणाली, 'बाकी काही म्हणा, तोंड मात्र तुमचं हुबेहूब आलंय.'

म्हटलं, फ्रेम सरळ करायला या पुन्हा.

बाउन्सर आपल्या चित्राजवळ उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, चष्मा घालून. एक आजोबा आले आणि त्याला विचारलं – 'बाळ, बाथरूम कुठं आहे?' त्यानं हात धरून नेलं. परत आला तो असा खूश, जणू पदक मिळालं. 'काकू, पत्ता विचारला!' म्हणाला. त्याची आईही आली होती. बारीक, ठेंगणी, त्याच्या काखेखालून चालेल एवढीशी. माझ्याकडे फार निरखून बघत होती. जवळचा नंबर वाढला असावा तिचा. म्हटलं, दुकानात या कधीतरी.

सून गर्दीत इकडून तिकडे पळत होती. गालाला कोळसा. तिला लांबून बघत राहिले. इतकी चांगली दिसत होती की मला वाटलं, जाऊ दे हिला. अशा पोरीला मोठी जागा मिळायलाच हवी. हे मनापासून वाटलं, आणि तरी छातीत दुखलं. दोन्ही खरं.


७ एप्रिल, सोमवार

कलाशाळेला उद्या उत्तर द्यायचंय, म्हणाली. मी म्हटलं, 'तिकडे थंडी असते, जाड पांघरूण घेऊन जा.' तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भलत्याच भाषेत बोलले. काहीतरी बोलायचं होतं तिला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

माळ्यावरून मोठी बॅग काढून ठेवली. झटकली. आत तिचा एक जुना मोजा सापडला, तो धुवून टाकला.


८ एप्रिल, मंगळवार

उत्तर दिलं का, विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. जेवताना दोघी हवामानावर बोललो. हवामान ठीक आहे.


११ एप्रिल, शुक्रवार

कलाशाळेला तिनं नकार कळवलाय. मी हरखले, तर म्हणते, 'थांबा, आई, पुढचं ऐका.' आणि सांगितलं – बाउन्सर! ते स्क्रू सगळे त्यानं स्वतः ढिले केलेले. आयुष्यभर लोकांचे डोळे तपासले मी, आणि माझ्याच दुकानात हे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ती इथून जाणार आहे – चार गल्ल्या पलीकडे, त्याच्या घरी.

रविवारी त्याची आई लग्नाचं रीतसर बोलायला येतेय. सून दारात उभी राहून, बोटांना लागलेला कोळसा पुसत म्हणाली, 'माझ्याकडून कुणीतरी मोठं बसायला हवं. भाऊ येणार नाही. तुम्ही बसाल?'

मी! मुलीकडची! तिचं फडकं घेऊन उरलेला कोळसा मीच पुसला. मग म्हटलं, बसते की. पण सांगून ठेव त्यांना, मुलगी माझी आहे, चौकशी केल्याशिवाय द्यायची नाही मी.